हटून बसलेलं चाक

आमच्या विहीणबाईंनी आजवर जगातली एकही वस्तू बिघडली आहे असं कबूल केलेलं नाही. वस्तू बिघडते हा त्यांच्या मते मिस्त्री लोकांनी स्वतःच्या पोटापाण्यासाठी उठवलेला गैरसमज आहे. वस्तू बिघडत नाही, हटून बसते. मिक्सर हटून बसतो, विहिरीवरची मोटर हटून बसते, कपाटाचं दार हटून बसतं, आणि हटून बसलेल्या कुणाशीही वागायची त्यांची रीत एकच. आधी समजवायचं, मग दोन शब्द सुनावायचे, आणि तरीही नाही ऐकलं तर एक चापट द्यायची. "लेकरू असो का मोटर असो बाप्पा, वळन सारखंच लावा लागते," असं त्या म्हणतात, आणि म्हणता म्हणता हातातला भाजी परतायचा सराटा त्या बिचाऱ्या यंत्राच्या पाठीत बसलेला असतो.

त्या माझ्या धाकट्या मुलीच्या सासूबाई. ब्रह्मपुरीपासून जवळच, धानाच्या बांध्यांनी, म्हणजे भाताच्या शेतांनी, चहूकडून वेढलेल्या एका गावात त्यांचं घर आहे. झाडीपट्टीत व्याह्याला इवाई म्हणतात. मी चंद्रपूरचा, नोकरीतून निवृत्त झालेला, दिवसातून दोनदा वर्तमानपत्र वाचणारा माणूस; पण त्या मला "इवाईबुवा" अशी हाक मारतात तेव्हा निम्मा मान आणि निम्मं काम माझ्या वाट्याला येणार हे मी समजून असतो.

त्यांचं पहिलं दर्शन मला लग्नाच्या मांडवातच झालं होतं. मंगलाष्टकांची वेळ झाली आणि लाऊडस्पीकर मुका झाला. मांडववाला स्क्रू काढायचा पेचकस घेऊन त्याच्यापुढे मांडी घालून बसला, भटजी घड्याळाकडे पाहू लागले. तेवढ्यात हळदीच्या हातांनी वरमाय आल्या, मांडववाल्याला बाजूला सारलं आणि त्या डब्याच्या डोक्यावर अशी थाप मारली की तो एकदम बोलायला लागला. नुसता बोलायला नाही, ओरडायला लागला. शेजारी बांधलेली बैलजोडी दावं तोडून तळ्याकडे पळाली आणि तिला आणायला गेलेले वऱ्हाडी थेट शेवटच्या पंगतीलाच परतले. पण मंगलाष्टकं वेळेवर झाली. त्या दिवसापासून गावात कुणाचं काहीही अडलं की मिस्त्रीच्या आधी विहीणबाईंना बोलावणं जातं.

एका उन्हाळ्यात त्या आमच्याकडे चंद्रपूरला आल्या. आमच्या बैठकीत एक भिंतीवरचं घड्याळ होतं, ते बंद पडून इतका काळ लोटला होता की आम्ही त्याला फोटोच समजत असू. विहीणबाईंना ते पाहवेना. त्यांनी ते उतरवलं, मांडीवर घेतलं, पदरानं पुसलं, त्याच्याशी काहीतरी पुटपुटल्या आणि दुपारच्या चहापर्यंत ते चालू केलं. चालू झालं हे खरं, पण ते इतकं पुढे पळायला लागलं की संध्याकाळीच त्यात दुसऱ्या दिवसाची सकाळ झाली. मी तसं भीत भीत सांगितलं. त्या म्हणाल्या, "चालते ना? मंग! बरोबर चालाचं का नाई ते त्याचं त्यानं पाहावं, इवाईबुवा. आपलं काम उठवाचं."

वडशाच्या रस्त्यावर त्या बसलेली भाड्याची काळी-पिवळी जीप बंद पडल्याची गोष्टही आमच्या घरात सणासुदीला सांगितली जाते. जीप थांबताच विहीणबाईंनी सगळ्यांना खाली उतरवून धक्का मारायला लावलं. सगळ्यांना म्हणजे ड्रायव्हरलासुद्धा. तो काही सांगू पाहत होता, पण "तोंडानं नाई, खांद्यानं!" असं त्याला दरडावण्यात आलं. जीप हलली, उतार होता म्हणून पळाली, आणि स्टिअरिंगवर कुणीच नसल्यामुळे सरळ एका बांधीत जाऊन चिखलात बसली. विहीणबाईंना मात्र या प्रसंगात काही वावगं दिसत नाही. धक्क्यानं ती चालली होती, हे त्या आजही ठासून सांगतात.

माणसांच्या बाबतीतही त्यांचं शास्त्र हेच. माझी मुलगी मुळातच अबोल. लग्नानंतरचे सुरुवातीचे दिवस ती त्या घरात नुसती मान हलवून वावरत होती. एके दिवशी विहीणबाईंनी तिला समोर बसवलं, सुपात तांदूळ घेतले आणि म्हणाल्या, "माह्यासंगं भांडून पाय एकडाव." मुलगी घाबरून रडायला लागली. "रडाचं नाई, भांडाचं. सुरू कर. भाजीत मीठ कमी टाकतो मी, तिथून सुरू कर." मुलीनं हुंदके देत सांगितलं की मीठ कमी नसतं, तिखट जास्त असतं. त्या दिवसापासून ती जी बोलायला लागली ती आता आमच्या फोनवर आम्हाला बोलू देत नाही.

असा हा स्वभाव. त्या घरात एकच गोष्ट अशी होती की जी हटून बसली होती आणि जिला विहीणबाईंनी हात लावला नव्हता. ती म्हणजे गुरांच्या कोठ्यात धानाच्या तणशीच्या ढिगाआड उभी असलेली आमच्या व्याह्यांची मोटरसायकल.

व्याही शांत माणूस. विहीणबाईंच्या वाट्याचं गप्प राहणंही तेच पार पाडतात. पण एके काळी या माणसाची ऐट त्या काळ्या गाडीवर पाहावी. बायकोला मागे बसवल्याशिवाय ते गावाच्या शिवेबाहेर जात नसत. बाजार, लग्नं, तेरव्या, सगळीकडे दोघं जोडीनं. दरवर्षी धान कापून झालं की वैनगंगा ओलांडून कुरखेड्याकडे, विहीणबाईंच्या थोरल्या बहिणीच्या गावी जायचं, दोन दिवस राहायचं, हे तर ठरलेलंच. आणि त्याच वाटेवर, जंगलातल्या एका वळणावर, रानडुक्कर आडवं आलं. गाडी पडली. व्याह्यांचं गुडघ्यावर निभावलं, पण विहीणबाईंचा उजवा हात मनगटात मोडला. तो पुढे जुळला, जरा वाकडाच जुळला. व्याह्यांनी घरी आल्यावर स्वतःच्या हातानं गाडी कोठ्यात नेऊन लावली आणि त्यानंतर तिच्याकडे पाहिलंही नाही. गावाबाहेर जाणं हळूहळू बंद झालं. दिवसभर ओसरीवर बसून दोर वळायचा, सांजच्याला बांधीपर्यंत चालून यायचं. थोरल्या बहिणीकडे विहीणबाई आता जीपनं एकट्या जात आणि त्याच दिवशी परत येत. बहिणीला आताशा डोळ्यानं कमी दिसायचं. ती दर वेळी दाराशी येऊन विचारायची, "भाटवे नाई आले?" भाटवे म्हणजे बहिणीचा नवरा, आमचे व्याही. हे मला मुलीनं सांगितलं, विहीणबाईंनी नाही. त्या कोठ्यात म्हैस पिळायला बसत त्याही गाडीकडे पाठ करून.

गेल्या हंगामात, कापणी तोंडावर आलेली असताना, मी मुलीकडे चार दिवस राहायला गेलो होतो. नवं धान ठेवायला जागा हवी म्हणून जावयांनी कोठा रिकामा करायला काढला आणि भंगारवाल्याला बोलावलं. गाडीचं त्यांनी वडिलांना विचारलं होतं. वडील मान वर न करता "ने" म्हणाले होते. भंगारवाला आणि जावई मिळून गाडी ओढायला लागले, पण मागचं चाक तसूभर फिरेना. शेवटी त्यांनी तशीच फरफटत अंगणाकडे आणली, तेव्हा सारवलेल्या जमिनीत नांगरानं पाडावी तशी चरी पडली. नेमक्या त्याच वेळी विहीणबाई तळ्याकडून डोक्यावर धुण्याची घमेली घेऊन आल्या.

"कोन मेलं इथी? कोनाले ओढत नेऊन राह्यले?"

जावई म्हणाले, "आई, मी बाबाले इचारलं. बाबा म्हणे, ने."

"बाबाची एकट्याची हाय काय ते? अर्ध्या सीटवर मी बसत होती."

भंगारवाला समजूत घालायला गेला. "बाई, चाक जाम हाय. याच्यात आता काई राह्यलं नाई."

जाम हा शब्द त्यानं उच्चारायला नको होता. विहीणबाईंनी घमेली खाली ठेवली. "जाम नाई, हटून बसलं हाय. तू उद्या सकाळी ये. चाक फिरलं तं गाडी घरी राहीन. नाई फिरलं तं तूच नेजो, मी आडवी येत नाई." भंगारवाला हसला, बाकीचं सामान उचलून गेला. ओसरीवर व्याह्यांच्या हातातला दोर क्षणभर थांबला होता. मग पुन्हा वळायला लागला.

"इवाईबुवा, पायजामा वर खोचा अन् या!"

गाडी परत कोठ्याच्या दाराशी सावलीत आणली गेली. मला वाटलं, धरायला, उचलायला काहीतरी सांगतील. त्यांनी मला सीटवर बसायला सांगितलं. मी विचारलं, कशाला? "गाडीले वाटलं पायजे का कोनी सवारी आली. रिकामी काऊन चालंन थे?" त्या सीटवर तणशीचं घरटं करून एक कोंबडी अंड्यावर बसत असे, तिला उठवून मी बसलो. जावई पुढे हँडलला, विहीणबाई मागून धक्क्याला, आणि मी मध्ये, नवरदेवासारखा. तिघांची जोरजोरात खटपट झाली. गाडी डगमगली, पण जागा सोडीना. विहीणबाई तिला लहानपणापासूनचे उपकार ऐकवत होत्या.

तेव्हा ओसरीवरून आवाज आला. मान खालीच होती. "गेरात हाय ते. ठेवली तवा मीच गेरात टाकून ठेवली होती."

जावई शरमले. त्यांनी पायानं दाबून दाबून गाडी न्यूट्रल केली. पण मागचं चाक तरीही फिरेना. विहीणबाई घरात गेल्या आणि फोडणीच्या पळीत जवसाचं तेल घेऊन आल्या. ते त्या चाकाच्या मधोमध ओतणार, तोच पुन्हा ओसरीवरून आलं, "अवं, जवसाचं तेल वाळलं का गोंद होते. थे खिडकीच्या लाकडाले लावते, चाकाले नाई."

"मंग कोन्तं घालू?"

दोर वळला जात होता, पण वळण नीट पडत नव्हतं, हे मला सीटवरून दिसत होतं. विहीणबाईंनी थोडी वाट पाहिली. मग म्हणाल्या, "नाई सांगत तं राहू द्या." त्या आत गेल्या, त्या थेट मुसळ घेऊनच बाहेर आल्या. "गोडीनं नाई आयकत. आता मुसळानं सांगतो." आमच्याकडच्या बायका "करतो, सांगतो" म्हणतात, आणि विहीणबाईंच्या तोंडी ते शोभून दिसतं. त्यांनी मुसळ दोन्ही हातांनी डोक्यावर उचललं. मी गाडीवर होतो. मी डोळे मिटले.

"चाकाच्या तारा तोडशीन! थांब! थांब म्हणतो न!"

इतका मोठा आवाज त्या घरात कुणी काढू शकतं हे मला माहीत नव्हतं. वासरू दचकून उभं राहिलं. डोळे उघडले तर दोर ओसरीवर सुटून पडलेला आणि व्याही अंगण ओलांडून आमच्याकडे येत होते. कोठ्याच्या दाराशी ते एकदा थबकले, आणि मग आत आले.

"इवाई, तुमी उतरा आता," ते म्हणाले. मी इतक्या आनंदानं आजवर कुठल्याच वाहनावरून उतरलो नाही.

ते उकिडवे बसले. चाकाच्या मधल्या लोखंडी डबीवर, ज्याला ते डरम म्हणतात, त्यांनी तळहात ठेवला, ताप पाहावा तसा. मग म्हणाले, "ब्रेक धरून बसला हाय. लायनर आतून डरमाले चिकटले, गंजानं. ब्रेक मारलेलाच राह्यला असंन." पाने मागितले, फवारणीच्या इंजिनासाठी ठेवलेल्या डब्यातलं डिझेल मागितलं, लाकडाचा एक तुकडा मागितला. ब्रेकच्या सळईच्या टोकाचा नट ढिला केला. ब्रेकचा दांडा जिथून डरममध्ये शिरतो तिथे डिझेलचा थेंब सोडला, मग आणखी एक. विहीणबाई म्हणाल्या, "ओता न बक्कळ." ते म्हणाले, "आत गेलं, लायनर भिजला, तं ब्रेकच लागत नाई मंग." आणि मुरू द्या म्हणून आम्हाला चहाला पिटाळलं. स्वतः उठले नाहीत. त्यांचा चहा तिथेच न्यावा लागला.

चहानंतर त्यांनी दांडा हातोडीनं हळूहळू पुढेमागे केला, मग लाकूड ठेवून डरमच्या कडेकडेनं ठोकत गेले. भांड्याला पोचा येऊ नये असं ते ठोकणं होतं. शेवटी आतून काहीतरी सुटल्यासारखा कट्ट आवाज झाला. चाक चार बोटं फिरलं आणि पुन्हा अडलं. जावयांनी आरोळी ठोकली. व्याही म्हणाले, "खोला आता. आत सफा केल्याबिगर भरोसा नाई." मग आसाचा नट. त्याच्यावर मी आणि जावई दोघं पान्याला लोंबकळलो. चेन उतरवली, चाक बाहेर आलं, आणि ब्रेक उघडला तेव्हा आतून लाल भुकटी सांडली, पावसाळ्याआधीच्या रस्त्यावरून उडते तशी. पॉलिश पेपर घेऊन व्याही डरम आतून घासायला बसले. चाक हलू नये म्हणून विहीणबाईंनी ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. ऊन उतरायला लागलं होतं.

घासता घासता व्याह्यांचा हात थांबला. त्यांच्या समोरच, चाकाच्या काठावर, विहीणबाईंचं ते वाकडं मनगट होतं.

"दुखते काय अजून?"

"काय?"

"हात."

विहीणबाईंना उत्तर द्यायला वेळ लागला असं मी पहिल्यांदा पाहत होतो. "थंडीत दुखते. बादली उचलताना दुखते. बाकी नाई दुखत."

"माह्यानं झालं ते."

"डुकरानं झालं," त्या म्हणाल्या. "अन् त्याले तरी कोनी सांगितलं होतं का आपन येऊन राह्यलो म्हणून? हात हाडाचा होता, जुळला. वाकडा जुळला, पन जुळला. तुमी तं उठलेच नाई तिथून."

जावई वासराकडे पाहू लागले. मी जमिनीवर मांडलेले नट पुसायला घेतले. ते आधीच पुसलेले होते. व्याही खाली मान घालून बसले होते. त्यांच्या हातातल्या कागदाचा चुरा होत होता. मग त्यांनी डरम पुन्हा घासायला घेतलं, आधीपेक्षा जोरात, आणि डोळे न उचलता हात पुढे केला. "स्प्रिंग दे थे." विहीणबाईंनी दिली.

चाक चढलं, नट आवळले गेले, सळईला बेताची ढील देऊन ब्रेक बसवला. गाडी मधल्या स्टँडवर घेतली. व्याह्यांनी चाकाला हात दिला. पहिला फेरा खरखरत गेला, दुसरा कमी खरखरला, आणि मग ते चाक असं सुरळीत फिरायला लागलं की फिरता फिरता तारा दिसेनाशा झाल्या. थांबलं की विहीणबाई पुन्हा हात देत होत्या. लहान पोर भिंगरी फिरवतं तशा. आता त्या गावभर दवंडी पिटणार म्हणून मी कान तयार ठेवले होते. पण त्या नुसतं, "फिरते," असं म्हणाल्या, आणि तेही इतक्या हळू की जवळ होतो म्हणून ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला तेव्हा गाडी धुऊनपुसून अंगणात उभी होती. विहीणबाईंनी त्याला एका बोटानं ढकलून दाखवली. त्याला चहा पाजला, रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून फुटक्या घमेल्या दिल्या. तो म्हणाला, "बाई, तुमी मिस्त्रीच व्हाले पायजे होते." मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. आयुष्यभर प्रत्येक मोटर, मिक्सर आणि घड्याळाचं श्रेय बिनदिक्कत घेणारी ही बाई म्हणाली, "मी काय केलं? नुसतं मुसळ उचललं. मालकानं केलं." ओसरीवर व्याही पान लावत होते. सुपारी कातरायचा अडकित्ता जरा जास्तच वाजला. निघताना मी एकांतात विचारलं, ते मुसळ खरंच मारणार होतात, की नुसतं दाखवायला उचललं होतं? त्या दुखावल्या. "दाखवाले काऊन उचलीन? मुसळ काय दाखवाची वस्तू हाय?"

मी चंद्रपूरला परतलो. टायरच्या ट्यूबा, बॅटरी वगैरे बाकीची कामं ब्रह्मपुरीच्या गॅरेजात झाल्याचं मुलीनं कळवलं. सुरुवातीला व्याही तळ्यापर्यंत एकटेच जाऊन येत होते. मग बाजारापर्यंत. कापणी उरकल्यावर एका संध्याकाळी विहीणबाईंचा फोन आला. कुरखेड्याकडून, बहिणीच्या घरून. पाठीमागे भांड्यांचे आवाज, कुणाचं तरी हसणं.

"इवाईबुवा, गाडीनं आलो आमी!" आणि मग वाटेतलं सगळं. बुढा गाडी इतकी हळू चालवतो की एक सायकलवाला पुढे निघून गेला. पुलावर वारा असा होता. वडशाला चहा घेतला, तो चहा नव्हताच. बहिणीनं दाराशी भाटव्यांचा हात धरला तो सोडायलाच तयार नव्हती. मी हूं हूं करत होतो. मग त्या एकदम थांबल्या. मला वाटलं फोन कटला.

"त्या वळनावर बुढ्यानं गाडी थांबवली," त्या म्हणाल्या. "मले म्हणे, उतर, एवढं पायी ये, मी पुढं थांबतो."

"मग?"

"नाई उतरली."

"काय म्हणालात त्यांना?"

"काईच नाई म्हणलं. बसून राह्यलो दोघं, गाडीवरच. जंगल होतं, हवा होती. मंग त्यानं गाडी काढली." मग त्यांचा नेहमीचा आवाज, "ठेवतो आता. चूल हटून बसली हाय इथची," आणि फोन बंद झाला.

आतून बायकोनं विचारलं, काय म्हणाल्या विहीणबाई? "पोचले म्हणे," मी सांगितलं. तिला वाटलं, एवढंच सांगायला इतका वेळ बोलत होतो का. मी अंगणात जाऊन उभा राहिलो. बाकीचं सकाळी सांगू, असं ठरवलं.